हात हुंगणाऱ्या काकू

काकूंमुळे माझ्या नवऱ्याचं तोंड वाचलं. काकूंमुळे आणि थोडं माझ्या सासूमुळे. पण सासूलाही काकूंनीच वळवलं, म्हणजे फिरून काकूच. हे आधीच सांगून टाकते, कारण मी घाबरट बाई आहे. काय झालं ते सांगताना मध्येच धीर सुटला, तर निदान कुणी केलं एवढं तरी सांगून झालेलं असावं. आता त्यांचं नाव मात्र लिहायचं नाही. "माझं नाव कुठं घातलंस तर उद्यापासून पोळ्या लाटायला येऊ नको," असं त्यांनी बजावलं होतं. त्या आता मुलाच्या बदलीमुळे कॉर्कला राहायला गेल्या, मी इथे डब्लिनच्या कडेला ल्यूकनलाच आहे, आणि पोळ्या लाटायला जाणं तसंही बंद झालंय. तरी ती धमकी अजून चालू आहे असंच मी धरून चालते.

काकू मूळच्या नागपूरच्या. मुलगा इंजिनीयर, इथेच जवळ ॲडम्सटाउनला स्टेशनाजवळ त्याचं घर. नातवंडं सांभाळायला म्हणून त्यांना आणलं, पण नातवंडं शाळेत जायला लागली आणि काकूंना रिकामं बसवेना. मग त्यांनी जवळच्या लिक्सलिप गावच्या, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात कामाला असलेल्या, एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे सुरू केले. अंगात सुती साडी, साडीच्या आत मुलाची गरम पँट, वरून त्याच्याच कंपनीचं टोपीवालं जाकीट आणि पायात बागकामाचे रबरी बूट. अशा वेषात त्या रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन उभ्या राहायच्या. गाडीतून कोणी मराठी बाई उतरली की ती काकूंना लांबून ओळखू यायची, कशी ते देवाला माहीत. मग नाव नाही, गाव नाही, सरळ प्रश्न, "तुमच्याकडे कोण खातं?"

नवीन बाई गोंधळायची. "काय खातं, काकू?"

"तंबाखू. अजून काय?"

काही बाया पुढच्या डब्यातून उतरायला लागल्या होत्या, काकूंना चुकवायला म्हणून. काकूंना ते ठाऊक होतं. त्या फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या.

मी त्यांच्याकडे काम मागायला गेले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. किराणा दुकानात एकीनं सांगितलं होतं, पोळ्या लाटायला बाई पाहिजे. माझी शाळा नववीत सुटली. इंग्रजी म्हणाल तर दुकानात बोट दाखवण्यापुरतं. इथे आल्यापासून मला दारावरच्या घंटेचीसुद्धा भीती वाटायची. पोळ्या तेवढ्या चांगल्या येत होत्या. पण काकूंनी पोळीचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, "नवऱ्याला घेऊन ये."

काम मला पाहिजे, नवरा कशाला? आमचे हे एका हॉटेलात तंदूर सांभाळतात. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूंनी दारातच सांगितलं, "डावा हात दाखव."

ह्यांना वाटलं, काकू हात बघतात. गडी खूश झाला. तळवा पुढे करून म्हणाले, "काकू, परदेशात स्वतःचं घर होईल का, तेवढं बघा."

काकूंनी तो तळवा दोन्ही हातांत धरला, नाकाजवळ नेला आणि हुंगला. मग सोडून दिला.

"घर होईल," म्हणाल्या. "तोंड राहिलं तर."

तंबाखू चुना लावून मळायची ती डाव्या तळव्यावर, उजव्या अंगठ्यानं. वर्षानुवर्षं मळली की साबणानं धुऊनसुद्धा तळव्याला वास राहतो. बाकी लोक माणसाच्या तोंडाचा वास घेतात. तो लवंग-वेलदोडा खाऊन झाकता येतो. काकू हात हुंगायच्या. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाल्या, "उद्यापासून ये." आणि ह्यांना एक अक्षर बोलल्या नाहीत. चहा दिला, वर बडीशेप दिली, लावून दिलं.

हात हुंगायची ती सवय त्यांना आवरायचीच नाही. एकदा त्यांच्या घरी गरम पाण्याचा बॉयलर दुरुस्त करायला एक आयरिश माणूस आला होता. काम झाल्यावर त्यानं निरोप घ्यायला हात पुढे केला. काकूंनी तो धरून उलटा केला आणि नाकाशी नेला. तो बिचारा क्षणभर थांबला आणि मग त्यालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं वाकून काकूंच्याच हाताचा मुका घेतला. नात जिन्यावर उभी होती. ती किंचाळली, "आजी! यू आर पर्फेक्टली मॅड!" काकू शांत. "सिगरेट," म्हणाल्या. "आणि घरी बायको नाही याच्या." मग त्याला बसवून पोहे खायला घातले. जाताना तो 'ग्रँड, ग्रँड' म्हणत गेला. इथे सगळे सगळ्याला ग्रँड म्हणतात, म्हणजे छान. काकूंनीही तो शब्द उचलला होता, पण आपल्या पद्धतीनं. एखादं काम पूर्ण बिघडलं की त्या म्हणायच्या, "ग्रँड झालं, बाप्पा." कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणायच्या आणि माझ्या नवऱ्याला युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'. "आज काय म्हणून राहिला तुझा युअर मॅन?" हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न.

मी सांगायची. सकाळी उठल्यावर एक बार, तंदूर पेटवताना एक, दुपारी काम उरकल्यावर एक. तंबाखूशिवाय ह्यांना तरतरी येत नाही, डोकं धरतं, पोट साफ होत नाही. मी बोलले की भांडण. "मग मी आज त्यांची डबीच उचलून फेकते," असं मी एकदा म्हणाले. काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. एरवी मोठमोठ्यानं बोलणारी बाई, पण तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "ते तेवढं करू नको, पोरी. त्याच्या डबीला हात लावायचा नाही. आणि त्याला 'सोड' म्हणायचं नाही."

"मग करायचं काय?"

"पुरुषाशी या विषयावर बोलायचंच नाही. त्याचं ऐकायचं यंत्र बिघडलेलं असतं. तू मला एवढं सांग, त्याची तंबाखू येते कुठून? इथं काय पानठेला आहे?"

मी विचारच केला नव्हता. इथे मिळते कुठे? पण ह्यांची पुडी कधी संपत नव्हती.

"बॅगेतून येते," काकू म्हणाल्या. "आणि बॅग कोण भरतं? बाई भरते. आई भरते, बहीण भरते, येणाऱ्या इंजिनीयरची बायको भरते. मसाल्यात भरते, पापडात भरते. खातात पुरुष, पण सात समुद्र ओलांडून आणून देणाऱ्या आपण."

इथे आपल्या लोकांत एक चाल आहे. देशातून कोणी येणार असलं की ग्रुपवर विचारायचं, बॅगेत जागा आहे का? मग कोणाचं लोणचं, कोणाच्या गोळ्या, कोणाचं मेतकूट त्या बॅगेतून येतं. नाही म्हणणं वाईट दिसतं. काकूंनी त्या बॅगांच्या मागे लागायचं ठरवलं. हळदीकुंकू असो, गणपती असो, एकेकीला कोपऱ्यात घेऊन त्या वचन घ्यायच्या. दुसऱ्याचं सामान आणायचं असेल तर उघडून बघायचं, आणि पुडी निघाली तर ती आपण नाही आणायची, बस्स. "भांडू नका, कळवू नका, फक्त बाहेर काढून ठेवा." बायका हसायच्या, पण ऐकायच्या. अशानंच ह्यांच्या मेतकुटाच्या डब्यातली पुडी पुण्याच्या एका घरातच राहिली. आणि हे चिडले, "त्या बाईनं माझं दाणापाणी तोडलं."

त्याच सुमारास ह्यांना तिखट झोंबायला लागलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे बार ठेवायचे तिथेच. हे दाताच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हते आणि मला जायची हिंमत नव्हती. काकूच आम्हाला दोघांना घेऊन गेल्या, त्याच बुटांत. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं ओठ उलटा करून आरशात ह्यांना दाखवलं: पांढरा चट्टा, भिंतीचा पोपडा निघतो तसा. मोठ्या दवाखान्यात नेऊन चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. उत्तर येईपर्यंत माझ्या हातून पोळ्या फाटत होत्या. काकू फाटलेल्या पोळ्या बाजूला ठेवायच्या आणि त्यांचाच कुस्करा करून मला खायला घालायच्या.

उत्तर सांगताना डॉक्टरीण पुष्कळ वेळ बोलली. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. काकूंनी सगळ्याचं एका दमात मराठी केलं, "कॅन्सर नाही. पण ओळख काढून राहिला आहे. तंबाखू थांबली तर चट्टा जाऊ शकतो. नाही थांबली तर ती काही सांगू शकत नाही."

गाडीनं घरी निघालो. मी मनातल्या मनात सगळं बघून घेतलं. ह्यांना बोलता येत नाहीये, ह्यांचा इथला कामाचा परवाना गेलाय, मूलबाळ नसलेली मी एकटी गावी परतलेय. मला असं पुढचं पुढचं दिसत राहतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्याबरोबर ह्यांच्यासाठी एक छोटी डबी पाठवली. भाजलेला ओवा, जवस, थोडं सैंधव. "तोंडापेक्षा हाताला सवय जास्त असते," म्हणाल्या. "त्याला तळव्यावर मळू दे. हात रिकामा ठेवू नको त्याचा." आणि खरंच, हे तंदूरपाशी उभे राहून ओवा मळायला लागले. डोकं दुखायचं, माझ्यावर खेकसायचे, पण पुडी नव्हतीच कुठे. दिवस जायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, "आमटीत आज चिंच जास्त झाली." मला रडायला आलं. कित्येक वर्षांत ह्यांना चव कळली नव्हती.

आणि मग माझ्या सासूबाई आल्या.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. साताऱ्याकडच्या खेड्यातून पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. लेकासाठी त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी आणली होती, जुन्या लुगड्यांची, जाड. मी म्हटलं, काय ऊब आहे. आल्याच्या आठवड्यात मी काकूंकडे पोळ्या लाटत होते आणि घरून फोन आला. हेच होते. मागे इतका मोठा आवाज चालला होता की मला काही ऐकू येईना. मी धावत सुटले, माझ्यामागे काकू.

आमच्या घराबाहेर शेजारी जमले होते. आत स्वयंपाकघरात धूर कोंडलेला, छतावरचं धुराचं यंत्र बोंबलत होतं, हे खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत होते. आणि खाली आत्याबाई, हातात तवा घेऊन उभ्या. तव्यावर काळीकुट्ट झालेली तंबाखू. त्या मिश्री भाजत होत्या. आमच्याकडे बायका तंबाखू तव्यावर जाळून तिची पूड दाताला लावतात. सकाळी मिश्री लावल्याशिवाय आत्याबाईंचा दिवस उगवत नाही. गावच्या घरात धूर कौलांतून जातो. इथे कुठून जाणार? एक म्हातारा शेजारी आत आला, सगळे नीट आहेत ना ते बघायला. आत्याबाईंनी तव्यासकट त्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बसा की वं पाव्हणं."

आवाज थांबल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी तंबाखू आली कुठून? मी खोलीत जाऊन गोधडी चाचपली. कडेनं सगळीकडे पुड्या, आत शिवलेल्या. एका बाजूची शिवण उसवलेली होती. आणि उसवलेला भाग आत्याबाईंना लागेल त्यापेक्षा खूप जास्त होता.

मी बाहेर येऊन ह्यांचा डावा हात धरला आणि हुंगला. काकूंसारखा. यापूर्वी कधी केलं नव्हतं. ह्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

मी काकूंकडे बघितलं. वाटलं, आता ही बाई फुटणार. काकूंनी खिडक्या उघडल्या, तवा सिंकमध्ये ठेवला, चहाचं आधण ठेवलं आणि ह्यांना म्हणाल्या, "तू जा बाहेर. फिरून ये." मग आत्याबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या, बूट काढून.

"आवं, माझ्या लेकाला हितं काय मिळंना म्हून आणली," आत्याबाई आधीच बोलायला लागल्या. "फोनवर म्हनायचा, आये, लई डोकं धरतंय. आईचं काळीज हाय. म्या काय इख आणलं व्हय?"

"नाही," काकू म्हणाल्या. "गोधडी सुंदर शिवली तुम्ही. टाका किती बारीक आहे. मला तर एवढं जमत नाही."

आत्याबाई थोड्या सैल झाल्या. काकूंनी विचारलं, "याला तंबाखूची चव पहिल्यांदा कशी लागली असेल हो?"

आत्याबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दाढ दुकायची तेची. ल्हान व्हता. रडायचा. डागदर कुठला तवा? म्याच बोटानं मिश्री लावायची. लगी गप व्हायचा."

चहा उकळून उतू गेला, तरी मी उठले नाही.

"सगळ्याच आया लावत होत्या," काकू म्हणाल्या. "माझ्या आईनंही लावली आहे."

आत्याबाईंनी काकूंकडे रोखून बघितलं. "तुमच्यात कोन खातंय, बाई? उगं कोन दुसऱ्याच्या घरात येवडं घुसत न्हाई."

मी इतके दिवस काकूंकडे काम करत होते, पण हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. काकूंनी बूट उगाच सरळ करून ठेवले.

"धाकटा भाऊ," म्हणाल्या. "नागपूरला. खर्रा खातो. सुपारी-तंबाखू-चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून. मी ओरडायची, रागवायची, शपथा घालायची. त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला त्याच्या खिशातून पन्नी काढली आणि सगळ्या व्याह्यांसमोर नालीत फेकली. वाटलं, लाजेल. तो लाजलाच. मला म्हणाला, ताई, या घरात पुन्हा यायचं नाही. तेव्हापासून भाऊबीज नाही. खर्रा चालूच आहे. आता म्हणतात, तोंड धड उघडत नाही त्याचं."

"आन भावजय?"

"तिच्याशी मी धड बोललेच नव्हते कधी. तिला सोडून सरळ त्याच्या खिशात हात घातला मी. ग्रँड झालं."

आत्याबाई मग उठल्या, खोलीत गेल्या, गोधडी घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "सुनबाई, बिलेड दे." मांडीवर गोधडी घेऊन त्यांनी आपल्याच हातचे टाके एकेक करून कापले. पुड्या काढल्या, कमरेची मिश्रीची डबीही काढली आणि सगळं काकूंच्या पदरात टाकलं. "मी लावनार न्हाई आन तोबी खानार न्हाई. मीच लावली व्हती, मीच काडते."

हे परत आले तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, डॉक्टरनं सांगून काही झालं नव्हतं. आईनं एवढंच म्हटलं, "बाळा, मला लई जड जानार हाय. माझ्या संगं ऱ्हा."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मायलेक दोघंही डोकं बांधून बसायची, एकमेकांवर वसावसा ओरडायची. आत्याबाई म्हणायच्या, "ह्या मुलखात ऊन न्हाई, मिश्री न्हाई, माणसानं जगावं कशावर?" आणि हे त्यांना ओवा मळून द्यायचे. कामाला जायच्या आधी दोघं स्टेशनाच्या वाटेवर फेऱ्या मारायची, म्हातारीच्या डोक्यावर ह्यांची लोकरी टोपी. काकू फलाटावरून बघायच्या, पण जवळ जायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "आता माझं काम नाही तिथे. जाऊ दे दोघांना."

आत्याबाई गावी गेल्या. तिकडे जाऊन त्यांनी शेजारच्या बायकांचीही मिश्री सोडवायचं मनावर घेतलंय असं कानावर येतं. काकू कॉर्कला गेल्या. परवा ह्यांची तपासणी झाली. या वेळी मी एकटी ह्यांच्याबरोबर गेले होते, माझं मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन. डॉक्टरणीनं ओठ उलटा केला, दिव्याखाली खूप वेळ पाहिलं. चट्टा नव्हता. नुसती गुलाबी कातडी. यापुढेही येत राहा, म्हणाली.

मी दवाखान्याच्या दारातूनच काकूंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, नाक ओढलं, ह्यांच्या हाताला वास येतो का ते विचारलं. येत नाही म्हटल्यावर मी भीत भीत विचारलं, "नागपूरहून काही कळतं का, काकू?"

"कोण कळवणार?" म्हणाल्या, आणि डाळ लागतेय म्हणून फोन ठेवला.

काकू, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. तुम्हाला त्या घरी जाता येत नाही, पण मला कोण अडवणार? मला तिथे कोणी ओळखतही नाही. सुट्टी मिळून आम्ही देशात येऊ तेव्हा मी आत्याबाईंना घेऊन आधी नागपूरला जाईन, मग माहेरी. तुमच्या भावाशी एक शब्द बोलणार नाही, त्याच्या खिशाकडे बघणारसुद्धा नाही. तुमच्या भावजयीच्या ओट्याशी उभी राहीन, तिच्याबरोबर पोळ्या लाटीन, आणि ती आपणहून बोलायला लागेपर्यंत लाटत राहीन. एका खेपेत नाही झालं तर पुन्हा जाईन. मला भीती सगळ्याचीच वाटते, ह्याचीही वाटते. तरी जाईन. तुमचा भाऊ तुम्हाला ओवाळून घ्यायला बोलवेल, तोवर तुमचं माझ्यावरचं हे ऋण राहिलंय असं समजा.